घरच्या कागदांची चिकटवही

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, वसतिगृह, उद्योगधंदे, विवाहातील खर्च अशा थोर विषयांवर बोलणे झाले आहे. कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिलेला विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. तो कात्रीचा, खळीचा आणि कागदाचा आहे. शाळेतील मुले जिला चिकटवही म्हणतात आणि शहरांतील दुकाने जी स्क्रॅपबुक या नावाने चढ्या किमतीस विकतात, ती वही घरच्या घरी, घरातीलच वस्तूंतून आणि थोडक्या पैशांत कशी करावी, तीत काय ठेवावे आणि काय मुळीच ठेवू नये, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

हा विषय आताच का, असे कोणी विचारील. पुण्या-मुंबईतच नव्हे तर तालुक्याच्या गावीही जुने वाडे आणि चाळी पाडून त्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. घर रिकामे करावयाचे म्हटले म्हणजे भांडी मोजून बांधली जातात, देव सोवळ्यात गुंडाळले जातात, दागिन्यांचा डबा घरची मोठी सून स्वतःच्या हाती धरते. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक मात्र शेवटच्या दिवशी खाली येते. तोवर टेम्पो दारात उभा असतो. ट्रंकेत काय आहे हे पाहावयास कोणास सवड नसते आणि तीतील कागद रद्दीवाल्याच्या तागडीत पडतात. तेथे भाव वजनाचा असतो. कागदावर अक्षर कोणाचे आहे हे तागडी पाहत नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतील दफ्तरे धुंडाळली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. ज्या घराण्यांनी आपले कागद रुमालात बांधून जपले होते त्यांचा इतिहास उरला. ज्यांनी जपले नाहीत, किंवा ज्यांच्या घरी लिहिणारेच कोणी नव्हते, त्यांचा उरला नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सनदा नाहीत आणि इनामपत्रेही नाहीत. म्हणून 'आमच्या घरी जपण्याजोगे आहेच काय?' असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. उत्तर ट्रंकेतच असते. आजोबांच्या व्हर्नाक्युलर फायनलचे प्रमाणपत्र, वसतिगृहाच्या फीची पावती, नोकरी लागल्याची तार, पहिल्या भाड्याच्या खोलीची पावतीपुस्तिका, पुठ्ठ्याचे रेल्वेचे तिकीट, रेशनकार्ड, हळदकुंकवाचा डाग असलेली लग्नपत्रिका. तार तर आता नव्याने येणारच नाही. आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जातपडताळणीच्या वेळी आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदीसाठी गावोगाव हिंडलेली कुटुंबे या सभेतच बसली आहेत. त्यांना कागदाची किंमत आम्ही सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट आहे आणि आमच्या मते तीच मुख्य आहे. आपल्या वंशावळी काढून पाहाव्यात. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू, अशी सात-सात पिढ्यांची उतरंड. तीत मुलगी कोठेही नाही. बायकोचे नाव असलेच तर कंसात. ज्या बाईने आठ बाळंतपणे काढली आणि दुष्काळात घर सावरले तिची नोंद 'अमुक यांची पत्नी' एवढीच. शिवाय लग्नात आडनाव बदलले, बहुधा पहिले नावही बदलले. ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले आणि माहेरचे नाव त्याच घटकेस पुसले गेले. तिच्या हातचे कागद म्हणजे पदार्थांच्या कृती लिहिलेली वही, भजनी मंडळाचे छायाचित्र, माहेरून आलेली पोस्टकार्डे, भिशीचा हिशेब. ट्रंक उपसताना हेच कागद सर्वांत आधी 'बिनकामाचे' ठरतात. वंशावळीत जिला जागा मिळाली नाही तिला चिकटवहीत जागा मिळू शकते, कारण वहीला शाखा-उपशाखांचे बंधन नसते. जो कागद हाती येईल त्याला पान मिळते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आमच्या पाहण्यात आलेल्या बहुतेक चिकटवह्या दुर्लक्षाने नासलेल्या नाहीत. हौसेने, पण चुकीच्या वस्तू वापरल्याने नासलेल्या आहेत. म्हणून काय वापरू नये ते आधी सांगतो. पारदर्शक चिकटपट्टी, म्हणजे सेलोटेप, कागदावर कधीही लावू नये. काही वर्षांत पट्टी सुटून पडते आणि तिच्यावरील चिकट द्रव्य कागदात मुरून तपकिरी डाग उरतो. तो पुढे निघत नाही. टाचण्या, स्टेपलच्या तारा आणि लोखंडी क्लिपा मुंबई-कोकणच्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात, कागदाला भोक पाडतात. रबरबँड उन्हाळ्यात विरघळून चिकटतो. लाकूडकामाचा पांढरा गोंद पक्का खरा, पण तोच त्याचा दोष. एकदा चिकटलेला कागद पुन्हा अखंड सुटत नाही. आणि लॅमिनेशन! महत्त्वाचा दाखला मिळाला की प्रथम धाव घ्यावयाची ती लॅमिनेशनच्या दुकानाकडे, अशी आपल्याकडे चालच पडली आहे. उष्णतेने कागदावर बसविलेले प्लास्टिक कागदास इजा केल्यावाचून काढता येत नाही. जो कागद जुना, एकुलता एक आणि मोलाचा, त्यालाच आपण कायमचे कोंडतो.

छायाचित्रांसाठी मध्यंतरी चिकट पानांचे आणि वर पारदर्शक पापुद्रा असलेले अल्बम घरोघरी आले होते. १९७० नंतरच्या लग्नांची छायाचित्रे बहुधा त्यांतच आहेत. त्या पानांवरील चिकट द्रव्य पिवळे पडते, छायाचित्राच्या पाठीस घट्ट धरते आणि वरचा पापुद्रा छायाचित्राच्या तोंडाला चिकटतो. ज्यांच्याकडे असे अल्बम असतील त्यांनी ते पुढच्या वर्षावर टाकू नयेत. वरचा पापुद्रा सावकाश सोलावा. बारीक नायलॉनचा दोरा दोन्ही हातांत ताणून धरावा, छायाचित्राच्या पाठीमागे घालावा आणि करवतीसारखा हळूहळू पुढेमागे नेत छायाचित्र सोडवावे. नखाने ओढू नये, आणि वाफ तर मुळीच देऊ नये. एखादे छायाचित्र सुटतच नसेल तर आहे त्या स्थितीत त्याची प्रत काढून घ्यावी आणि ओढाताण थांबवावी.

मग चिकटवावयाचे कशाने? येथे आपल्या घरच्या बायकांना एक आनंदाची बातमी देतो. देशोदेशींच्या ग्रंथालयांत आणि संग्रहालयांत जुने कागद दुरुस्त करणारे जाणते लोक जी खळ वापरतात ती गव्हाच्या सत्त्वाची असते. गव्हाचे सत्त्व म्हणजे दुसरे काही नसून आपला कुरडयांचा चीक! परदेशांत ज्याच्या पुड्या दुकानांतून विकत घेतात तो पदार्थ आपल्या घरी दर उन्हाळ्यात पातेले भरून होतो.

कृती आपणांस ठाऊक आहेच; तरी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालावेत, पाणी रोज बदलावे, मग वाटून, गाळून तो द्रव एका भांड्यात न हलविता ठेवावा. वरचे पाणी ओतून टाकले की तळाशी शुभ्र चीक राहतो. कुरडयांसाठी त्यात मीठ आणि हिंग पडण्याआधीच एक वाटी चीक बाजूस काढावा. त्यात पुन्हा स्वच्छ पाणी घालून तो दोन-तीन वेळा निवळू द्यावा, म्हणजे आंबूसपणा निघून जाईल. आंबट खळ कागदास बाधते. मग ताटात पातळ पसरून उन्हात कडकडीत वाळवावा आणि चुरून कोरड्या बाटलीत भरून ठेवावा. वर्षभराच्या चिकटवहीस ही एक वाटी पुरून उरते.

खळ करताना एक चमचा पिठीस पाच चमचे पाणी घ्यावे. पिठी अर्धा तास तशीच भिजू द्यावी. नंतर मंद आचेवर सारखे ढवळत शिजवावी. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी झाक देऊ लागली म्हणजे आणखी काही मिनिटे ढवळावी, निवल्यावर मलमलीच्या फडक्यातून गाळावी आणि हवे असेल तसे थोडे पाणी मिसळून सायीइतकी पातळ करावी. एका दिवसास लागेल तेवढीच करणे उत्तम. उरलीच तर थंड पेटीत तीन-चार दिवस टिकते, वास येताच फेकून द्यावी. चीक नसेल तर आरारूट चालते. मैद्याचीही खळ होते, परंतु मैद्यातील चिकटामुळे ती पुढे पिवळसर आणि कडक होते, म्हणून तिला आम्ही तिसरा क्रमांक देतो. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालीत. कीड लागू नये हा त्यांचा हेतू, पण मोरचूद विषारी आहे आणि तांब्याचा अंश कागदाचे आयुष्य कमी करतो. मुलाबाळांच्या घरात त्याचे नाव काढू नये.

या संदर्भात एक गमतीची गोष्ट. अमेरिकेतील विनोदी लेखक मार्क ट्वेन हा स्वतः कात्रणे चिकटविण्याचा मोठा शौकीन होता. खळीचा आणि हात बरबटण्याचा त्याला इतका कंटाळा आला की, पानांवर आधीच गोंद लावलेली, नुसते ओले केले की चिकटणारी वही त्याने शोधून काढली आणि १८७३ साली तिचे पेटंटही घेतले. तिकडच्या हवेत ती चालली असेल. आपल्याकडे श्रावणात ती वही आपली आपणच चिकटून बसली असती असे आम्हांस वाटते.

वहीसाठी तयार अल्बम विकत आणण्याची गरज नाही. चित्रकलेचा जाड पांढरा कागद, बावीस इंच बाय तीस इंच, असे पाच ताव आणावेत. त्यांची किंमत अर्धा किलो पेढ्यांहून अधिक होणार नाही. एका तावाची अकरा इंच लांब व साडेसात इंच रुंद अशी आठ पाने निघतात. पाच तावांची चाळीस. ज्यांना थोडा अधिक खर्च करणे शक्य आहे त्यांनी हातकागद घ्यावा. पुण्यास शिवाजीनगर भागात १९४० साली हातकागद संस्था निघाली, आणि त्याही पूर्वी शेकडो वर्षे जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागद आपल्या मुलखात नावाजलेला होता. चिंध्यांपासून केलेला हा कागद किती टिकतो याची साक्ष पेशवे दफ्तरातील रुमाल देतात. अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आजही हाती धरून वाचता येतात. त्यावरची काजळाची शाईही काळीच आहे. उलट काल-परवाचे वर्तमानपत्र उन्हात एक आठवडा पडले की पिवळे होते, कारण त्याच्या लगद्यात लाकडाचा जो अंश राहतो तो उजेडाने आणि हवेने तपकिरी पडतो. म्हणूनच वर्तमानपत्राच्या कागदाची वही करू नये, आणि खाकी कागदाचीही करू नये.

बांधणीत एक युक्ती आहे. ती न केल्यास वही भरल्यावर तोंड वासून बसते. पाने एकावर एक ठेवताना प्रत्येक दोन पानांमध्ये, शिवणीच्या बाजूस, त्याच कागदाची एक इंच रुंद पट्टी घालावी. चिकटविलेल्या कागदांची जी जाडी पुढे वाढणार आहे तिची जागा आधीच राखून ठेवण्याचा हा प्रकार आहे. मग अर्ध्या इंचावर दाभणाने तीन भोके पाडून मेण लावलेला जाड सुती दोरा ओवावा. गाठ सोडता येईल अशी मारावी, म्हणजे पाने वाढविता येतात. प्रत्येक पानावर शिवणीपासून सव्वा इंचावर विणकामाच्या सुईने पट्टीच्या आधारे रेघ दाबून पान तेथे मोडून घ्यावे. त्याने वही सपाट उघडते. मुखपृष्ठासाठी जाड पुठ्ठा शर्टाच्या खोक्यातून किंवा जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीतून मिळतो. त्यावर आतून पांढरा कागद लावावा आणि बाहेरून कापड चढवावे. आजीच्या जीर्ण इरकलीचा पदर किंवा विटलेल्या चोळीचा खण यासाठी फारच शोभतो. वही उघडण्यापूर्वीच ती कोणाची आहे हे नातवंडांना कळते. सांध्यासाठी धुऊन मऊ झालेले धोतर घ्यावे. नव्या कापडातील कांजी पाणी धरत नाही.

चिकटविताना कागद पालथा घालावयाचा तो धुऊन, कापून पसरलेल्या दुधाच्या पिशवीवर. वर्तमानपत्रावर घालू नये. त्याची शाई लागते. खळ लावावयास दाढीचा जुना ब्रश उत्तम. कागदाच्या सर्व पाठीस खळ फासण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पान वाकडे होते. केवळ वरच्या काठास बोटभर रुंदीची खळ लावावी, आणि पोस्टकार्ड किंवा अंतर्देशीय पत्र असेल तर कागदाच्या पट्टीची बिजागरी करून ते दारासारखे उघडेल असे बसवावे, म्हणजे पाठीमागचा मजकूर आणि टपालाचा शिक्का वाचता येतो. टपालाचा शिक्का फार उपयोगी आहे. पत्र लिहिणाऱ्याने मिती 'श्रावण शुद्ध पंचमी' एवढीच टाकलेली असते; साल शिक्क्यावर सापडते. चिकटविल्यावर वर स्वच्छ सुती फडके, त्यावर पाट आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवून रात्रभर दाबावे.

छायाचित्रास खळ लावूच नये. कोपरे घरी करता येतात. अर्धा इंच रुंद आणि एक इंच लांब अशी कागदाची पट्टी घ्यावी, तिची दोन्ही टोके मधोमध खाली दुमडावीत, म्हणजे त्रिकोणी खिसा होतो. असे चार खिसे पानास चिकटवून त्यांत छायाचित्राचे कोपरे सरकवावेत. मनात येईल तेव्हा छायाचित्र काढून पाहता येते. नावे छायाचित्राच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नयेत. दाब पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई पसरते. मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, काठावर लिहावे. रंगीत छायाचित्रांची पाठ प्लास्टिकसारखी असते, तिच्यावर पेन्सिल उठत नाही; तेथे नावे खाली वहीच्या पानावर लिहावीत.

वर्तमानपत्रातील कात्रणांबाबत एकच नियम आहे. कापण्यापूर्वी समासात वृत्तपत्राचे नाव आणि तारीख लिहावी. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये विजय मिळविला तेव्हा गावसकरांची छायाचित्रे कापणारी मुले आज आजोबा झाली आहेत. त्यांच्या वह्या आम्ही पाहिल्या आहेत. चित्र आहे, पण कोणत्या पत्रातले आणि कोणत्या दिवसाचे ते शंभरातून नव्वदांवर नाही. क्रिकेटचे एक वेळ शोधून काढता येईल. मुलाच्या शिष्यवृत्तीची बातमी किंवा आत्याच्या निधनाचे चार ओळींचे निवेदन कोण शोधून देणार? मूळ कात्रण पिवळे पडणारच, म्हणून त्याची चांगल्या कागदावर छायाप्रत काढून ती चिकटवावी आणि मूळ एका पाकिटात ठेवावे. दुकानांच्या पावत्या, बँकेच्या यंत्रातून येणारे चिटोरे आणि सोनोग्राफीची चित्रे यांनाही हाच नियम. तो कागद उष्णतेने छापला जाणारा असतो आणि काही वर्षांत कोरा होतो. येणाऱ्या बाळाचे पहिले चित्र म्हणून पुष्कळ मंडळी ते हौसेने जपतात. बाळ शाळेत जाण्यापूर्वीच चित्र पुसट होऊ लागते. या स्मरणिकेचे जुने अंकही कोणी कापू नयेत, छायाप्रत काढावी. संघाच्या कपाटातील काही अंकांची पाने कात्रीने गेलेली आहेत, आणि ती नेमकी वधूवरांच्या यादीची आहेत!

जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, खरेदीखत, सातबारा यांतील मूळ कागद चिकटवहीत कधीही जाऊ नये. तेथे प्रतच शोभते.

नावांविषयी थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. छायाचित्राखाली 'ताई, अक्का, बापू आणि नाना, गणपतीत' असे लिहिलेले असते. लिहिणाऱ्यास ते पुरे होते. पण ताई प्रत्येक घरात असते आणि एका पिढीची ताई पुढच्या पिढीची आत्या, त्यापुढची आजी होते. म्हणून पूर्ण नाव लिहावे. स्त्री असेल तर माहेरचे आणि सासरचे दोन्ही, आणि लग्नात पहिले नाव बदलले असेल तर जुने नाव प्रथम. गाव लिहावे. समूहाचे छायाचित्र असेल तर त्याची छायाप्रत काढून प्रत्येक डोक्यावर आकडा घालावा आणि खाली आकड्यांप्रमाणे नावे लिहावीत; 'मागच्या रांगेत उजवीकडून तिसरे' हे वाक्य पाहणाऱ्याच्या उजव्या-डाव्याच्या घोळात नेहमी सापडते. ही नावे सांगू शकणारे माणूस घरात बहुधा एकच असते आणि ते ऐंशीच्या पुढचे असते. खळ उद्या करता येईल, वही पुढच्या महिन्यात शिवता येईल. नावे विचारण्याचे काम मात्र आज रात्रीच सुरू झाले पाहिजे. विचारताना 'काही आठवते का?' असे विचारू नये, त्याला 'नाही बाई, आता काही आठवत नाही' हेच उत्तर मिळते. छायाचित्र हाती द्यावे आणि 'हे लुगडे कोणाचे?' असे विचारावे. लुगड्यापासून माणसापर्यंत स्मृती आपोआप चालत येते.

आणि मृत्यूही लिहावेत. आपल्याकडे निधनाची वार्ता आणणारे पत्र वाचून लगेच फाडून टाकण्याचा रिवाज होता. त्यामुळे जुन्या ट्रंकांत लग्ने सापडतात, बारशी सापडतात, पण कोण केव्हा गेले याचा कागद नसतो. कुटुंबाच्या कागदांतील ही सर्वांत मोठी पोकळी आहे. लहानपणी गेलेली मुले, बाळंतपणात गेलेल्या सुना यांचे तर नावही उरत नाही. त्यांच्यासाठी चिकटविण्यास काही नसेल तर एक रिकामे पान ठेवावे, वर नाव लिहावे, आणि ठाऊक असेल ते साल.

वही झाल्यावर ती आडवी, निजवून ठेवावी. उभी ठेवल्यास पाने ओढली जातात. कपाटाचा मधला खण चांगला. बाहेरच्या भिंतीस लागून, न्हाणीघराच्या शेजारी किंवा जमिनीवर ठेवू नये. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये, आत दमट हवा कोंडते. पोथीप्रमाणे सुती कापडात बांधावी. कसर लागू नये म्हणून वेखंडाची किंवा वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी शेजारी ठेवावी, पानांत मात्र पाला घालू नये, डाग पडतात. दसऱ्याच्या सरस्वतीपूजनास वह्या-पुस्तके बाहेर निघतातच. त्याच दिवशी चिकटवहीचेही प्रत्येक पान उलटून तिला सावलीत वारा द्यावा. ऊन देऊ नये.

पाण्याचे भय मात्र कपाटाने टळत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या घरांतील किती पिढ्यांचे कागद वाहून गेले याची गणती नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरास आणि २०२१ साली महाड-चिपळुणास तेच झाले. भिजलेली छायाचित्रे एकमेकांना चिकटली असतील तर ती कोरडी होण्यापूर्वी स्वच्छ थंड पाण्यात बुडवून सोडवावीत, आणि तोंड वर करून, एकेक सुटे, सावलीत वाळवावे. भिजलेले कागद त्याच दिवशी वाळविणे शक्य नसेल तर पिशवीत घालून थंड पेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. बुरशी दोन दिवसांत धरते, गोठलेल्या कागदास धरत नाही, आणि मग सवडीने थोडे थोडे काढून वाळविता येतात. तथापि खरा उपाय म्हणजे दोन प्रती. महत्त्वाच्या पानांची छायाप्रत काढून दुसरी वही करावी आणि ती दुसऱ्या गावी ठेवावी. मूळ वही मुलाकडे असेल तर प्रत मुलीकडे द्यावी. क्रम उलटा केला तरी आमची हरकत नाही.

तरुण मंडळी म्हणतील, 'हे सारे आता मोबाईलमध्ये असते.' असते खरे. पण हजारो चित्रांत आजीचे एक चित्र शोधावयास किती वेळ लागतो ते त्यांनीच सांगावे. मोबाईल हरवला, फुटला किंवा नवा घेतला की काय होते हेही त्यांना ठाऊक आहे. मोबाईलचा उपयोग अवश्य करावा, वहीच्या प्रत्येक पानाचे चित्र काढून भावंडांना पाठवावे. त्याने दूरदेशी असलेल्या मंडळींकडून चुकलेली नावे दुरुस्त होऊन येतात. परंतु दिवाळीनंतर एक दिवस बसून त्या वर्षाची बारा चित्रे निवडावीत आणि ती छापून घ्यावीत. बाराच. निवडीवरून भांडण झाले तर उत्तम, घरातील मंडळी त्या निमित्ताने एकत्र तरी बसतील.

उद्या सकाळी नऊ वाजता याच सभागृहाच्या मागच्या दालनात वही शिवण्याचे आणि खळ करण्याचे प्रात्यक्षिक ठेवले आहे. येताना प्रत्येक कुटुंबाने कात्री, दाभण, जुन्या धोतराचा हातभर तुकडा आणि नावे ठाऊक नसलेली पाच छायाचित्रे आणावीत. घरातील वृद्ध मंडळींना सोबत आणावे, त्यांच्यासाठी पुढे खुर्च्या मांडल्या आहेत. ती छायाचित्रे आम्ही टेबलांवर मांडून ठेवणार आहोत. एका घरातील अनोळखी चेहरा दुसऱ्या घरातील कोणाची तरी मावशी निघण्याचा संभव आहे. कागदाचे ताव संघाने आणविले आहेत, ते मूळ किमतीस मिळतील. चीक आमच्या घरचा आहे.